राहीबाईंचं मागचं पाऊल

भिलवडीपासून चार किलोमीटरवर मोहित्यांचा मळा आहे. तीसेक वर्षं त्या मळ्यात एकच हुकूम चालत होता, आणि तो राहीबाईंचा होता. नवरा पलटणीत. सुट्टीवर आला की पाहुण्यासारखा जेवायचा, पोरीला खांद्यावर घेऊन बांधावरून हिंडायचा आणि ट्रंक उचलून परत जायचा. उसाची लागण कधी करायची, बेणं कुणाकडनं आणायचं, पाण्याची पाळी चुकली तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं, हे सगळं राहीबाई एकटीनं शिकल्या. ऊस तोडायला टोळी येईना झाली, की त्या डोक्यावर पदर घेऊन कारखान्याच्या शेती ऑफिसात जायच्या आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीतून उठायच्या नाहीत. ट्रॅक्टरवाल्यानं सरी वाकडी पाडली, तर त्याला खाली उतरवून स्वतः स्टिअरिंगवर बसायच्या.

पलटणीतली अठ्ठावीस वर्षं संपली, त्यावर पुण्यात एका कंपनीच्या गेटवर सुरक्षेची नोकरी सात वर्षं झाली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सुभेदार आकाराम मोहिते कायमचे घरी आले.

पहिले आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी गोठ्यातल्या खुंट्या एका रेषेत नाहीत म्हणून सुभेदारांनी त्या उपटल्या. बाराव्या दिवशी मोटरीच्या पेटीवर कागद चिकटवला, कोणत्या वारी कोणत्या वाफ्याला पाणी. कागद देखणा होता. वीज कधी येते आणि कधी जाते, एवढंच त्यात धरलं नव्हतं. उसातलं तण भांगलायला आलेल्या बायकांना त्यांनी रांगेत उभं करून मोजलं, तेव्हा रंगूबाई खुरपं खाली ठेवून म्हणाली, "राहीअक्का, आमी हितं भांगलायचं हाय का सरहद्दीवर जायाचं हाय?"

अशात सुभेदारांची साखर वाढली. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, घाम गाळा. सुभेदार चालायला लागले ते मळ्यातच, आणि प्रत्येक फेरीला एक नवी सूचना सुटायला लागली. राहीबाई हवालदिल झाल्या.

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या जिन्यात त्यांना एक पाटी दिसली. पन्नाशीनंतरचा व्यायाम, संगीताच्या साथीनं, वरचा मजला, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी दहा ते अकरा. राहीबाईंनी तिथंच मनाशी आखणी केली. आठच्या एसटीनं माणूस गेला की दोनशिवाय परत येत नाही. आठवड्यातनं तीन दिवस मळा आपला. त्या नवऱ्याला घेऊन थेट वरच्या मजल्यावर गेल्या.

वर्ग चालवणारी संयोगिता पस्तिशीची होती. पाचगणीच्या एका शाळेत तिनं अकरा वर्षं मुलांना नाच शिकवला होता आणि आईच्या आजारपणामुळं ती सांगलीला परत आली होती.

"ह्येंचं नाव घाला," राहीबाई म्हणाल्या.

"आणि तुमचं, काकू?"

"माझं कशाला? मला साखर न्हाई."

"पण हा जोडीनं करायचा व्यायाम आहे. बॉलरूम नाच शिकवते मी. एकट्या काकांना घेऊन काय करू?"

नाच हा शब्द ऐकला आणि राहीबाईंनी पिशवी उचलली. तेवढ्यात दाराशी ताठ उभे असलेले सुभेदार हळूच म्हणाले, "वॉल्ट्झ शिकवता?"

दोघीही त्यांच्याकडं बघायला लागल्या. सुभेदारांनी घसा साफ केला. "नवीन भरती झालो तवाची गोष्ट. ऑफिसर मेसमधी मोठी पार्टी हुती, आमाला ट्रे धरून उभं केलं हुतं. साहेब आन् मेमसाब असं फिरत हुतं, की जवळनं गेलं तरी माझ्या ट्रेमधला गिलास हलायचा न्हाई."

लग्नाला तीस वर्षं झाली, पण ही गोष्ट राहीबाईंनी पहिल्यांदा ऐकली. या माणसानं आजवर बायकोजवळ मागितलं ते फार तर ताटात जादाचा ठेचा. आता तो दुकानासमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखा त्या मोकळ्या खोलीकडं बघत होता. राहीबाईंनी पिशवी खाली ठेवली.

पहिल्या दिवशी सहा जोड्या होत्या, त्यांत एक शाळामास्तर आणि त्यांची बायको. संयोगितानं फरशीवर खडूनं चौकोन काढला. पुरुषांनी डावा पाय पुढं टाकायचा, उजवा बाजूला न्यायचा, डावा जवळ घ्यायचा. मग उजवा मागं, डावा बाजूला, उजवा जवळ. डावा पाय पहिला म्हटल्यावर सुभेदार खुलले. पलटणीतही तेच. त्यांनी खणखणीत आवाजात मोजायला सुरुवात केली, "एक दो, एक दो."

"काका, तीनपर्यंत मोजायचंय. एक दोन तीन."

सुभेदार थांबले. "तिसरा पाय कुणाचा?"

सगळी खोली हसली. राहीबाई हसल्या नाहीत. नवऱ्याचा हात आपल्या पाठीवर आहे आणि पाच परके पुरुष बघताहेत, या कल्पनेनंच त्यांचे कान तापले होते. त्यात दुसरी अडचण. पुरुषाचा पाय पुढं येतो तेव्हा बाईनं मागं जायचं होतं, आणि राहीबाई मागं जाईनात. सुभेदारांचा बूट तीनदा त्यांच्या बोटांवर पडला.

"काकू, उजवा पाय मागं."

राहीबाईंनी मान वळवून मागं बघितलं. "मागं काय हाय ते बघितल्याबिगर पाय टाकायचा न्हाई. आमच्यात मागं हीर असतीया."

"इथं विहीर नाही, काकू."

"ते बघितल्यावरच कळलं की."

चौथ्या वेळी त्यांनी सरळ डावा पाय पुढं टाकला. एक दोन तीन करत त्या पुढं निघाल्या आणि सुभेदार मागं सरकत भिंतीला जाऊन टेकले. संयोगितानं संगीत बंद केलं. राहीबाई खाली वाकून खडूच्या रेषा निरखत होत्या. "ह्यो वाफाच हाय की," त्या म्हणाल्या. "चारी कोपरं फिरायचं. म्हंजे तीन मोजूस्तवर मी मागं, आन् फुडचं तीन ह्ये मागं. असंच ना?"

"अगदी असंच."

"मग चालंल. सारखंच झालं."

त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत दोघांनी निदान वीस वाफे पुरे केले.

घरी सराव खळ्यावर व्हायचा. म्हैस रवंथ थांबवून बघत राहायची. महिन्याभरात वाफा जमला, आणि मग संयोगितानं वळण शिकवायला घेतलं. कुठं वळायचं ते पुरुषानं ठरवायचं, पाठीवरच्या तळव्यानं बाईला कळवायचं आणि तिनं तसं जायचं. इथं मोहिते जोडी अडकली. सुभेदार डावीकडं वळायचं ठरवेपर्यंत राहीबाई उजवीकडं निघालेल्या असायच्या. एका जुवाला दोन बैल आणि दोघांची तोंडं दोन दिशांना, अशी गत. ते भांडण एसटीतही चालू राहायचं.

"तू माझ्या हाताकडं ध्यानच देत न्हाईस."

"आवं, तुमचा हात कायबी सांगत न्हाई. नुसता ठेवलाय, बशीवर झाकण ठेवल्यागत."

"मी सांगायच्या आदीच तू निघतीस."

"मग काय हितंच उभी ऱ्हाऊ? मागनं मास्तर आन् त्येंची बायको येत हुती, अंगावर घ्यायचं व्हय?"

कंडक्टरला वाटायचं, मोटारसायकलवरनं कुठं धडपडले असतील.

दिवाळी झाली आणि रहिमतपूरच्या एका जुन्या सोबत्याचा पाय मोडल्याची खबर आली. सुभेदार आठवड्यासाठी तिकडं गेले. राहीबाईंना सुरुवातीपासून हवं होतं तेच झालं. मळा त्यांचा, मोटर त्यांची. सोमवारी त्यांनी पेटीवरचा कागद बाजूला सारून मनासारखं पाणी दिलं. मंगळवारी सकाळी साडेसातला मात्र त्या आरशासमोर वेणी घालत होत्या. कशासाठी, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. आठची एसटी त्यांनी धावत पकडली.

वर्गात चंद्राबाई नावाच्या एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांचे पती वारले होते, म्हणून त्या नेहमी संयोगितासोबत नाचायच्या. त्या दिवशी संयोगिता म्हणाली, "काकू, आज तुम्ही पुरुषाचं पाऊल घेता का? चंद्राबाईंना न्या."

राहीबाईंनी डावा पाय पुढं टाकला आणि त्यांना एकदम मोकळं वाटलं. समोरची सगळी खोली दिसत होती. मास्तर कुठं वळणार, खांब कुठं आहे, जागा कुठं रिकामी होतेय, सगळं आधीच कळत होतं. ऊस भरलेली ट्रॉली अरुंद फाट्यावरनं काढायची त्यांना सवय होती. चंद्राबाई म्हणजे त्यामानानं काहीच नव्हत्या.

दोन फेऱ्या झाल्यावर चंद्राबाई धापा टाकत म्हणाल्या, "तुम्ही झकास नेता हो. पण एक सांगू का? माझा पाय टेकायच्या आत तुम्ही पुढं जाता. जरा थांबत जा. मला कळायला वेळ लागतो."

राहीबाईंनी पुढची फेरी थांबत थांबत घेतली. ते पुढं जाण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं.

शनिवारी सुभेदार रहिमतपूरहून परस्पर सांगलीला आले. जिना चढून दारात उभे राहिले, तर आत आपली बायको चंद्राबाईंना घेऊन सबंध खोलीभर गिरक्या घेत होती, कुणालाही धक्का न लावता. राहीबाईंनी त्यांना पाहिलं, पण गाणं संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

परतीच्या एसटीत सुभेदार खिडकीबाहेर बघत बसले. पुढं दोन दिवस त्यांनी मळ्यात एकही सूचना केली नाही, तेव्हा राहीबाईंच्या लक्षात आलं की प्रकरण साधं नाही. त्यांनी मुद्दाम एक खुंटी वाकडी ठोकली. सुभेदार तिच्याजवळनं तसेच पुढं गेले.

सोमवारी संध्याकाळी राहीबाई खळं झाडत होत्या. सुभेदार समोर येऊन उभे राहिले. "मला बायकांचं पाऊल शिकव."

"का वं?"

"तुला न्यायला येतंय. मी बघितलं त्या दिवशी. मला तसं येत न्हाई. जे येत न्हाई ते उगं मिरवू कशाला?"

राहीबाईंनी झाडू कुडाला टेकवला. नवऱ्याच्या पाठीवर तळवा ठेवून त्या पुढं निघाल्या. सुभेदार पहिल्याच फेरीत वैरणीच्या गंजीत गेले. दुसऱ्या फेरीत ते सारखी मान वळवायला लागले.

"मला मागचं दिसत न्हाई," ते म्हणाले.

"मला दिसतंय. या तुमी."

ते आले. आधी बावचळत, मग बरे. राहीबाई प्रत्येक पावलाला त्यांचा पाय टेकायची वाट बघत होत्या. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी हात सोडला. "आता तुमी न्या," त्या म्हणाल्या. "रोज मीच न्यायचं म्हंजे माझं बी खांदं दुखत्यात. पर तळव्यानं नीट सांगा, म्हंजे मी थांबते."

सुभेदारांनी तळव्यानं सांगितलं. जरा जोरातच सांगितलं, पण कळलं.

जानेवारीत वर्गाचं संमेलन झालं. सुभेदारांचा धाकटा भाऊ नाथाजी गावातनं जीप भरून माणसं घेऊन आला, पुण्याहून लेक क्रांती आली, रंगूबाई पहिल्या रांगेत बसली. दोघांनी आधीच ठरवून टाकलं होतं. निम्मं गाणं सुभेदार नेणार आणि कोपऱ्यावर अदलाबदल करून उरलेलं राहीबाई. पहिला भाग सरळ पार पडला. कोपऱ्यावर हात बदलले, सुभेदार उलटे चालायला लागले, तसा नाथाजी मोठ्यानं म्हणाला, "दादा, गाडी रिव्हर्सला पडली रं."

हशा पिकला. सुभेदारांची मोजणी चुकली, त्यांचा बूट राहीबाईंच्या निऱ्यांवर पडला आणि जोडी भर सभेत अडकून उभी राहिली. गाणं चालूच होतं. राहीबाईंनी लगबग केली नाही. निऱ्या सोडवल्या, पदर भांगलताना खोचतात तसा कमरेला खोचला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सुरुवातीपास्नं मोजा." सुभेदारांनी मोठ्यानं मोजलं, एक दोन तीन, आणि दोघं पुन्हा निघाली. क्रांती हसता हसता डोळे पुसत होती. गाणं संपल्यावर सगळ्यांत आधी रंगूबाई उठून उभी राहिली, आणि मग सगळा हॉल.

मे महिन्यात सुभेदारांनी विषय काढला, की खालच्या अर्ध्या एकरात हळद लावावी. त्या तुकड्यात पाणी साचतं, हे राहीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी तसं एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सुभेदारांनी गादीवाफे घातले, पलटणीच्या मैदानासारखे सरळ, आणि पाणी काढून द्यायला दोन्ही अंगांनी चर खोदले. वरच्या कोपऱ्यातली ढबू मिरची राहीबाईंची होती, तिच्याबद्दल मात्र त्यांनी वर्षभर एकही सूचना केली नाही. खालच्या टोकाची हळद थोडी कुजली. बाकीची चांगली आली.

या फाल्गुनात ती शिजवून खळ्यावर पसरली, आणि नाचायला जागाच उरली नाही. वर्गात आता चा-चा-चा सुरू आहे. त्यात कंबर हलवावी लागते. सुभेदार ती बेधडक हलवतात, राहीबाई अजून लाजतात. हळद वाळेपर्यंत दोघं घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर सराव करतात. डेअरीचा दूधवाला सकाळी तिथनं जातो, तो मोटारसायकल बंद करून त्यांची एक फेरी पुरी होईतो कडेला उभा राहतो आणि मगच पुढं जातो.