बाजूनं धरलेली कपबशी

माझ्या थोरल्या जाऊबाई चांगुणा. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणायचो. पन्नाशीला टेकल्या तरी त्या चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या. वडगाव रासाईला आमच्या वस्तीत डोळे तपासायची एवढीच रीत होती. जिला सुई ओवता येते तिचे डोळे चांगले. जिला येत नाही तिनं एखाद्या पोरीला हाक मारावी आणि वय झालं म्हणून गप्प बसावं. आक्कांना कुणाला हाक मारावी लागत नव्हती. उलट अर्ध्या वस्तीच्या सुया त्यांच्याकडं यायच्या. ओसरीवर गोधडी पसरून बसलेल्या आक्का दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायच्या, चिमटीत पिळायच्या, आणि पहिल्याच फटक्यात दोरा आरपार. मग माझ्याकडं बघून विचारायच्या, "मास्तरीणबाई, जमतंय का तुमाला?"

मला जमत नव्हतं. मी गावच्या शाळेत शिकवत होते, वह्या तपासून संध्याकाळी कपाळ ठणकायचं, आणि सुईचं नाक मला दोन-दोन दिसायचं. आक्कांना त्यात कोण आनंद. शिकलेल्या जावेला सुई ओवून देण्यासारखं सुख नाही, असं त्या उघड म्हणायच्या.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. तेव्हापासून आक्कांचं वागणं जरा बदललं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. अंगणातली कोंबडी पायाखाली यायची आणि मग कोंबडीलाच शिव्या. ओसरीच्या कडेला ठेवलेला तांब्या तर रोज लवंडायचा. आम्ही म्हणायचो, आक्कांची घाई. रस्त्यानं जाताना बाजूनं कुणी गेलं तरी त्या मान वळवायच्या नाहीत. बायका कुजबुजायला लागल्या, नवरा रेल्वेत आहे, जाऊ मास्तरीण आहे, लेक चांगल्या घरी पडली, आता चांगुणाबाईंचे पाय कशाला जमिनीला लागतात!  त्यांचे यजमान गेणबा भाऊजी दौंडला गँगमन होते, रुळांवर काम करायचे आणि सुट्टीला घरी यायचे. 

त्यांची लेक रंभा तळेगाव ढमढेऱ्याला दिली होती. विहीणबाई साखरबाई मोठ्या मानी. मनानं वाईट नव्हत्या, पण मान पाहिजे म्हणजे पाहिजे. तळेगावच्या बाजारात एकदा साखरबाईंनी बाजूनं हात जोडले आणि आक्का सरळ भाजीच्या पाट्यांकडं चालत गेल्या. तेवढं साखरबाईंनी गिळलं. पण रंभेला दिवस गेले, सातव्या महिन्यात तळेगावला ओटी भरायचा कार्यक्रम झाला आणि तिथं पुरतं बिनसलं.

मी तिथं होते. घर बायकांनी भरलं होतं, गाणी चालली होती. रंभा हिरवं लुगडं नेसून पाटावर बसलेली, आणि आक्का तिच्याकडं एकटक बघत होत्या. साखरबाई स्वतः कपबशी घेऊन आल्या आणि आक्कांच्या उजव्या अंगाला उभं राहून चहा पुढं केला. आक्का हलल्या नाहीत. साखरबाई तशाच उभ्या. बायकांची गाणी मंद झाली, दोघीतिघी बघायला लागल्या. आक्का आपल्या लेकीकडं बघून हसत होत्या. शेवटी साखरबाईंनी कपबशी मागं नेली. आम्ही निघताना त्यांनी सगळ्यांदेखत ऐकवलं, "बाळंतपण हितंच करू आमी. ज्यास्नी आमच्या हातचा चहा चालत न्हाई, त्यांच्या घरी सून कशाला धाडायची?"

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही आमच्याकडची रीत. ते सासरी झालं तर लोक आईलाच बोल लावतात. एस.टी.त आक्का मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, कुठला चहा, मला कुणी चहा दिला? मला वाटलं, आता नाटक करून काय उपयोग. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर त्यांनी बाळासाठी शिवायला घेतलेली दुपट्याएवढी गोधडी पुढं ओढली. टाके तसेच बारीक, सरळ.  चार जणांना तळेगावला पाठवलं, साखरबाई ऐकेनात. रंभेचा निरोप यायचा की आई, तू एकदा ये आणि चुकलं म्हण. आक्कांचं एकच म्हणणं, काय चुकलं ते आधी सांगा, मग म्हणते.

त्याच सुमारास दौंडच्या एका शाळेत डोळे तपासणीचं शिबिर लागलं. पुण्याहून डॉक्टर येणार होते. माझं कपाळ काही थांबत नव्हतं म्हणून मी निघाले. आक्काही निघाल्या. मास्तरीणबाईंच्या नाकावर चष्मा कसा दिसतो ते बघायला येते, म्हणाल्या. एवढ्या दुःखातही बाईची जीभ शाबूत होती. नावेनं भीमा ओलांडली, पलीकडं गाडी धरली आणि दौंडला उतरलो. गेणबा भाऊजी स्टेशनावरून थेट शाळेत आले.

मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, काचा बदलून बदलून बघितलं आणि चष्म्याचा नंबर लिहून दिला. डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे डोळे बघून घ्या, असं ते हाताखालच्या माणसाला सांगत होते. आक्का म्हणाल्या, माझं काय बघता, आणि चोळीला टोचलेली सुई काढून उभ्या उभ्या दोरा ओवून दाखवला. डॉक्टर हसले, छान म्हणाले. आक्का ऐटीत वळल्या आणि बाकाशेजारी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीवर त्यांचा पाय जोरात आपटला. सगळ्या वर्गात पाणी झालं.

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी आक्कांना खुर्चीवर बसवलं, एक डोळा तळव्यानं झाकायला सांगितला आणि समोर बसून म्हणाले, माझ्या नाकाकडं बघत राहा, माझी बोटं हलताना दिसली की बोला. मग त्यांनी हात लांब बाजूला नेऊन बोटं हलवली. मी आक्कांच्या मागं उभी होते, मला ती स्वच्छ दिसत होती. आक्का गप्प. हात थोडा आत आला. आक्का गप्प. हात डॉक्टरांच्या खांद्याशी आला, कानाशी आला, बोटं सारखी हलत होती. अगदी गालाजवळ आल्यावर आक्का म्हणाल्या, हां, आता दिसली. दुसऱ्या डोळ्याचं थोडं बरं होतं, पण तऱ्हा तीच.  त्या उजव्या अंगाला कपबशी घेऊन उभ्या राहिलेल्या साखरबाई मला तिथंच आठवल्या.

हात खाली घेतल्यावर आक्कांनी डॉक्टरांना विचारलं, "झाले ना पास?"

मग डोळ्यांत औषध घालून बुबुळावर एक छोटं उपकरण टेकवलं, बारीक उजेडानं आतलं बघितलं. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून सावकाश सांगितलं. हा काचबिंदू. डोळ्यात दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. सुई ओवता येते ती मधल्या नजरेमुळं, आणि चष्मा लागत नाही तो अशासाठी, की ज्याला लांबचं मुळातच कमी दिसतं त्याला या वयातही जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. ज्या गोष्टीचा आक्कांना एवढा अभिमान, ती चांगल्या डोळ्यांची खूण नव्हतीच. मला चुलीपुढची फुंकणी आठवली. फुंकणीतून बघितलं तरी सुईचं नाक दिसणारच, फक्त चूल दिसणार नाही.

गेलेली नजर परत येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आहे ती टिकवायची तर थेंब रोज घालायचे, पुण्याच्या सरकारी दवाखान्यात दर सहा महिन्यांनी दाब तपासायचा आणि बरं वाटलं तरी चुकवायचं नाही. शिवाय हे रक्तातून उतरतं, तेव्हा भावंडांचे आणि लेकीचे डोळेही नीट तपासून घ्या.

बाहेर लिंबाखाली आम्ही बसलो. गेणबा भाऊजी मुळात अबोल. त्या दिवशी आपण होऊन म्हणाले, "रेल्वे माझं डोळं तपासती. काय झालेलं नसलं तरी बोलावती. इतकी वर्सं मी दाखवून घरी यायचो, पन तुला कवा इचारलं न्हाई, तुझं कसं हाय."

आक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग आम्हा दोघांना बजावलं की हे गावात कुणाला कळता कामा नये. आंधळी होत चाललेल्या बाईच्या हाती बाळंतीण कोण सोपवणार? साखरबाई रागावल्या आहेत, राग आज ना उद्या उतरेल. पण हे कळलं तर रंभा कधीच यायची नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

थेंब सुरू झाले. ते घातले की कपाळ दुखायचं, थोडा वेळ अंधारी यायची. आक्का भिंतीला टेकून बसायच्या. सुया घेऊन बायका यायच्या, त्या ओवूनही द्यायच्या, पण मला चिडवणं बंद झालं. मला नवा चष्मा मिळाला होता आणि चिडवणारं कुणी नव्हतं, याचं मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

एक दिवस छोटी गोधडी पुरी झाली. घडी घालता घालता आक्का म्हणाल्या, उद्या तळेगावला जायचं. मी विचारलं, सांगणार? त्या म्हणाल्या, न सांगून कसं चालेल, रंभेचे डोळे तपासायला पाहिजेत आणि सून त्यांच्या घरात आहे. लेक माहेरी नाही आली तर नाही आली. तिचे डोळे गेले तर मी काय करू. एवढं बोलून रडल्या, आणि मीही रडले.

साखरबाईंनी दारात जयभीम केला, पण कोरडा. आम्ही आत बसलो. रंभा जड अंगानं दाराआड उभी. आक्कांनी गोधडी पुढं ठेवली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. काचबिंदू, थेंब, कडेची नजर गेलेली. डॉक्टरांनी रंभेचे डोळे तपासायला सांगितलेत, तेवढं करा, बाळंतपणाचं तुम्ही म्हणाल तसं. साखरबाई ऐकत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. विश्वास बसला असेल असं मला वाटलं नाही. त्या उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

मला दिला. मग त्या आक्कांच्या उजव्या अंगाला गेल्या, त्या दिवशी उभ्या होत्या तशाच, आणि काही न बोलता कपबशी पुढं धरली. मी बोलणार होते, पण त्यांनी मान हलवून मला थांबवलं. आक्का समोर भिंतीकडं बघत, हात मांडीवर ठेवून, चहाची वाट बघत बसलेल्या. चहाची वाफ त्यांच्या खांद्याशी जात होती. साखरबाईंनी कपबशी जरा पुढं आणली. अजून जरा.  अगदी नाकासमोर आल्यावर आक्का दचकल्या आणि दोन्ही हातांनी ती धरून म्हणाल्या, "आणला व्हय चहा."

साखरबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "म्हंजी त्या दिशी तुमाला दिसलाच न्हाई."

"न्हाई वो. मी रंभेकडं बघत हुते."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. रंभेचे डोळे तपासले, चांगले निघाले, तरी वर्षाच्या वर्षाला दाखवायचं ठरलं. आक्कांची पुण्याची खेप कधी चुकली नाही, भाऊजी रजा टाकून न्यायचे. दाब ताब्यात राहिला आणि उरलेली नजर उरली. वस्तीतल्या बायका सुया घेऊन येतच राहिल्या. आक्का दोरा ओवायच्या, पण सुई हातात द्यायच्या नाहीत. आधी विचारायच्या, डोळे कधी दाखवले? ज्या बाईला उत्तर देता यायचं नाही तिची सुई आक्कांच्या चोळीला टोचून राहायची. पुढच्या शिबिराला आमच्या वस्तीतून एक अख्खी नाव भरून बायका गेल्या, त्या काही माझ्या शाळेतल्या भाषणामुळं नव्हे.

पण मला आठवतो तो रंभा बाळंतपणाला माहेरी आली तो दिवस. साखरबाई स्वतः तिला घेऊन आल्या. आम्ही एस.टी.च्या थांब्यावर उभे होतो. गाडी आक्कांच्या उजव्या बाजूला थांबली, दोघी उतरल्या, आणि आक्का समोरच्या रस्त्याकडंच बघत राहिल्या. रंभा आई म्हणून हाक मारणार तेवढ्यात साखरबाईंनी तिला खुणेनं गप्प केलं. तिचा दंड धरून सावकाश चालवत आणलं आणि आक्कांच्या बरोबर समोर उभं केलं.

"हं," साखरबाई म्हणाल्या, "आता बघा लेकीला."