बूट काढून मारलेली हाक

दोन हजार एक साली फौजेतली आमची इंजिनिअर कंपनी राजस्थानात होती. मी सॅपर, म्हणजे तिच्यातला साधा जवान. पंचवीस जानेवारीला दिवसभर परेडची तयारी, पितळ घासणं, आणि संध्याकाळी जेवणाच्या लंगरमध्ये उद्याच्या जिलबीवर चर्चा. हवालदार बलबीर मला नावाने हाक मारायचा नाही. "ए ठाणे" म्हणायचा. मी शहापूर तालुक्यातल्या शेणव्याचा, हे त्याला किती वेळा सांगितलं. "ठाणे तो ठाणे ही है," एवढंच म्हणायचा. अजून कोणी मोठ्याने "ठाणे" म्हटलं की मी वळून बघतो.

सव्वीसला झेंडावंदन झालं आणि जमीन हलली. जिलबी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मदतीला निघालेला आमचा कॉलम कच्छमधल्या एका गावात उतरला.

काम असं चालायचं. शिट्टी वाजली की जनरेटर बंद, कटर बंद, सगळे जागच्या जागी. एकाने ढिगाऱ्यात हाक मारायची, "कोई है?" बाकीच्यांनी ऐकायचं. आवाज आला की खोदायचं. नाही आला की पुढची इमारत. माणसं थोडी, ढिगारे पुष्कळ. दुसरा इलाज नव्हता.

एका पडलेल्या गोदामावर दोनदा शिट्टी झाली. आवाज नाही. मेजरसाहेबांनी हात केला. "नेक्स्ट."

गोदामासमोर एक बाई बसली होती. मी पाणी पुढे केलं. घेईना. सवयीने मराठीत बोलून गेलो, "घे गो."

"कुठला रे तू?"

"शेणव्याचा."

"शापूरचा?" तिने वर पाहिलं. "आमी मुरबाडची. कोळसा पाडाया आलो."

ती जानी. मुरबाडकडच्या एका कातकरी वाडीतली. ठेकेदाराने त्यांना या गोदामात ठेवलं होतं. ती पाणी आणायला बाहेर पडली म्हणून वाचली.

"आत कोण हाय?"

"घरवाला आन पोर."

"मग आवाज का देत नाय?"

"तुमी बूट घालून वर फिरताव. बूटवाला आला का गप बसायचा. पोरीला आमीच शिकवलाय."

हे शहरातल्या वाचकाला खोटं वाटेल. आमच्याकडे विचारा. गावात कोंबडी हरवली तरी चौकशी आधी वाडीत. मोळी बांधली की जंगलखात्याचा माणूस दारात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चोर ठरवून ठेवलं, त्यांनी अंधारात पडल्यापडल्या खाकी रंगाचा आवाज ओळखला आणि श्वास धरला. यात त्यांची चूक शोधणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं, त्यांना हा धडा दिला कोणी.

मी धावत साहेबांकडे गेलो. "सर, आत माणसं आहेत."

"आवाज आयी?"

"नाही, सर. मेरे गाँव के हैं."

"तेरा गाँव यहाँ कहाँ से आ गया?"

मी जमेल तसं सांगितलं. समोरच्या इमारतीतून आवाज आलेला होता, तिकडे सगळे हवे होते. साहेबांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "बलबीर, दो जवान लेकर इसके साथ. जल्दी."

मी बूट काढले.

"मंदिर जा रहा है क्या?" बलबीर म्हणाला. मग त्यानेही काढले.

जानीला फटीपाशी बसवलं. ती वाकून म्हणाली, "सुमे, बोल गो. पोलीस नाय. आपल्याकडचा मानूस हाय."

काहीच नाही. मग मी हाक मारली, "सुमे, तुझी आय हितंच हाय. बोल."

आतून दबलेला, बारीक आवाज आला. "पानी."

दुपार उलटून गेल्यावर तिला काढलं. आठ-नऊ वर्षांची असेल. तिचा बाप किसन शेजारीच होता, कमरेवर तुळई पडलेली. तो गेला होता. त्याचा पंजा मुलीच्या तोंडावर होता. तो आम्हाला हळूहळू सोडवावा लागला. आदल्या संध्याकाळी इथे पोलिसांनी हाक मारली होती. सुमी म्हणाली, "बाबा म्हनला, गप." तेव्हा तो जिवंत होता.

बलबीरने त्याच्यावर स्वतःचं ब्लँकेट घातलं. आम्ही बूट चढवले आणि पुढच्या इमारतीकडे गेलो.

गुडघा गेल्यावर मी फौज सोडली. आता शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर फिरतो, पत्रकं वाटतो, पोलीस ठाण्यात जाऊन भांडतो. मागच्या वर्षी जानीच्या वाडीत पोलीस आले, कुठली तरी तार चोरीला गेली म्हणून. पुरुष रानात पळाले. सुमी दारात उभी राहिली. "कोनाला शोधताव? नाव सांगा, कागद दाखवा." जानी मागून तिचा पदर ओढत होती. पोरगी हलली नाही.

यंदा सव्वीस जानेवारीला मी त्यांच्या वाडीच्या शाळेत गेलो होतो. गुरुजींनी तालुक्यातल्या शहीद जवानांची नावं वाचली. गावकऱ्यांत बसलेली सुमी उठली. "माझ्या बापाचं पन घ्या."

"ते फौजेत नव्हते ना गं," गुरुजी म्हणाले. रागाने नाही.

"आजच्याच दिवशी दबला ना तो." मग तिने स्वतःच नाव घेतलं. "किसन." मैदानाच्या कडेला बसलेल्या बायांपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने.

मी सावधान झालो आणि सॅल्यूट केला.