न उतरलेलं मीठ

हॅडलंड गावात व्हर्लिन टॉलेफसनला कुणी आडनावाने ओळखत नसे. तो मीठवाला. एकतीस वर्षं तो घरोघरच्या तळघरांत खांद्यावरून मिठाच्या गोण्या उतरवत आला होता. कुणाच्या जिन्याची तिसरी पायरी सैल आहे, कुणाच्या जिन्यात डोकं आपटतं, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. बोलणं बेताचं आणि चालणं नाकासमोर. त्याला एकच खोड होती, आपल्या धंद्याचा अभिमान जरा जास्त होता.

अमेरिकेतल्या आयोवाच्या त्या भागात जमिनीखाली सगळा चुनखडीचा दगड. विहिरीचं पाणी दिसायला काचेसारखं, पण जड. साबण लावावा तर फेसाऐवजी चिकट साय जमते. पांढरे कपडे चार धुण्यांत राखी होतात, केसांचा काथ्या होतो, अंग खाजतं, किटलीच्या बुडाशी पापुद्रा धरतो. म्हणून ज्याच्या त्याच्या तळघरात वॉटर सॉफ्टनर. उभ्या नळकांड्यात राळेचे बारीक मणी भरलेले असतात. पाणी त्यांच्यातून गेलं की चुना मण्यांना चिकटून राहतो आणि हलकं पाणी वर नळाला जातं. मणी चुन्याने भरले, की शेजारच्या टाकीतलं मिठाचं पाणी त्यांच्यावरून फिरतं, चुना धुऊन गटारात जातो आणि मणी पुन्हा कामाला लागतात. घरच्यांनी फक्त टाकीत मीठ टाकत राहायचं. तेवढंही त्यांच्याकडून होत नसे, म्हणून तर व्हर्लिनचं पोट चालत होतं.

नव्या यंत्रांना पाणी मोजायची सोय आली आणि व्हर्लिनला टाकीतलं मीठ पाहून घर कळू लागलं. जितकं पाणी वापराल तितकंच मीठ उतरणार. पोरगी कॉलेजला गेली की मीठ हळू उतरतं, बाळ जन्मलं की भराभर. नेल्सनची बायको घर सोडून गेली हे पाद्रीबाबाच्या आधी व्हर्लिनला कळलं होतं. तो ते कुठे बोलला नाही हा त्याचा चांगुलपणा. पण कॉफीच्या दुकानात बसला की म्हणायचा, "माणूस खोटं बोलेल, मीठ नाही बोलायचं."

आणि एकदा तसं झालंही. सेल्मर नावाच्या एकट्या म्हाताऱ्याच्या टाकीत मीठ उतरलेलं दिसेना, म्हणून व्हर्लिन तसाच वर धावला. म्हातारा तीन आठवडे आजारपणाने अंथरुणाला खिळलेला आणि दोन दिवसांपासून खुबा मोडून न्हाणीघरात पडलेला. जीव वाचला. जिल्ह्याच्या पेपरात व्हर्लिनचा फोटो छापून आला, खांद्यावर गोणी घेतलेला. खरं पाहता घात केला तो त्या फोटोने.

हुल्डा ब्रेके ही ब्याऐंशी वर्षांची विधवा. व्हर्लिनला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत हिनेच देवाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. म्हणून तो तिला जन्मभर मिसेस ब्रेके म्हणत आला आणि ती त्याला अरे-तुरे करत आली. गावात ती प्रसिद्ध होती ती तिच्या चादरींसाठी. सोमवारी तिच्या दोरीवर चादरी वाळत पडल्या की बाकीच्या बायका आपलं धुणं घरामागे वाळत घालायच्या, इतक्या त्या शुभ्र. नवरा गेल्यावर ती एकटीच राहत होती. मुलगी मार्डेल मिनीअॅपोलिसला, गाडीने तीन तास. मायलेकींचं ठरलेलं होतं की आईला स्वतःचं आणि घराचं करता येईल तोवर ती घरात राहील. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी वृद्धाश्रम.

"मला या घरातून आडवी करूनच बाहेर काढा," हुल्डा म्हणायची. "उभी तर मी जात नाही."

त्या वर्षीच्या वसंतात तिचा गुडघा गेला. तळघराच्या पायऱ्या तिला होईनात. धुण्याची मोरी वरच होती म्हणून बरं. व्हर्लिनला तिची दया आली.

"मिसेस ब्रेके, टाकी काठोकाठ भरून ठेवतो. तुम्हाला खाली डोकवायला नको."

"भर बाबा. तुझ्याच जिवावर पांढरी आहे मी."

त्याने भरली, अगदी झाकण टेकेपर्यंत. मग जून, जुलै, ऑगस्ट असा पावसाळी दमट उन्हाळा गेला. तळघराच्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या. व्हर्लिन दर महिन्याला जायचा, झाकण उचलायचा. मीठ होतं तिथेच, काठोकाठ. वरून हुल्डाची हाक यायची, "कॉफी निवतेय रे!" तो झाकण लावून वर जायचा.

वर जाऊन टेबलाशी बसला की त्याला दिसायचं ते त्याला आवडायचं नाही. हुल्डाचे केस टाळूला चिकटलेले. स्वेटर राखी पडलेला. कपावर पांढुरका थर. बोलताना ती सारखी हात खाजवायची. कॉफीची चव मात्र तीच, कारण स्वयंपाकघरातला गार नळ सगळ्या गावात सॉफ्टनरशिवायच ठेवतात.

जुलैत ती एकदा म्हणाली, "व्हर्लिन, हल्ली साबणात काही राम राहिला नाही बघ. किती चोळलं तरी फेस म्हणून येत नाही."

एकतीस वर्षांत हे वाक्य त्याने हजारदा ऐकलं होतं. ऐकलं की तो पहिलं काय करायचा? खाली जायचा. पण मीठ तर आत्ताच डोळ्यांनी पाहून आला होता.

"टाकी भरलेली आहे, मिसेस ब्रेके. पाणी हलकंच आहे तुमचं."

"हलकंच आहे?"

"अगदी."

हुल्डा आपल्या हातांकडे बघत राहिली. पुन्हा तिने साबणाचं नाव काढलं नाही.

सप्टेंबरात मार्डेलचा फोन आला. शाळेत ती व्हर्लिनच्या एक वर्ष मागे होती.

"व्हर्लिन, खरं सांग हं, आईचं कसं चाललंय? मी परवा येऊन गेले. टबाला किटण चढलंय. चादरी बघवत नाहीत. विचारलं तर म्हणते, मी रोज अंघोळ करते, दर सोमवारी धुते. सेल्मरच्या वेळी तुलाच कळलं होतं ना?"

 मिठाचं सांगितलं तर काय होणार हे व्हर्लिनला ठाऊक होतं. पण सेल्मर त्याच्या डोळ्यांपुढे आला, न्हाणीघराच्या फरशीवर पडलेला.

"तीन महिने मीठ उतरलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे पाणीच वापरलं जात नाहीये, मार्डेल."

पलीकडून हुंदका ऐकू आला. व्हर्लिनलाही वाईट वाटलं, पण आपण योग्य तेच केलं असंही वाटलं. त्या रात्री त्याला झोप नीट लागली, आणि पुढे आयुष्यभर त्याला त्या झोपेची लाज वाटली.

ऑक्टोबरात हुल्डा वृद्धाश्रमात गेली, आणि उभी गेली. गाव म्हणालं, आश्चर्यच, हू की चू केलं नाही म्हातारीने. मुलीने कागद पुढे केला, तिने सही केली.

नोव्हेंबरात घर विकलं गेलं. नवीन लोकांना स्वतःचा सॉफ्टनर बसवायचा होता, म्हणून जुनी टाकी रिकामी करायला व्हर्लिनला बोलावलं. त्याने झाकण काढून फावडं मारलं. फावडं दगडावर आपटल्यासारखं खणकन वाजलं. त्याने जोर लावून दुसरा घाव घातला आणि वरचा थर तडकून खाली कोसळला. वीतभर जाडीचं कवच होतं ते, त्याच्याखाली सगळं पोकळ. बुडाशी नुसतं पाणी आणि मिठाचा एक खडा नाही.

या धंद्यात त्याला पूल धरणं म्हणतात. दमट तळघरात टाकी गच्च भरली की वरच्या मिठाचा एकजीव थर होतो आणि तो भिंतींना धरून तसाच राहतो. खालचं मीठ संपतं, वरून पाहणाऱ्याला टाकी भरलेली दिसते. मण्यांना खारं पाणी मिळत नाही, घरभर जड पाणी वाहतं. म्हणून प्रत्येक वेळी झाडूच्या दांड्याने मीठ ठोकून बघायचं, हा पहिला धडा. टाकी गच्च भरू नये, हा दुसरा. व्हर्लिनने दोन्ही चुकवले होते, एक प्रेमापोटी आणि एक तोऱ्यापोटी.

खालचं सगळं मीठ संपलं होतं. म्हणजे पाणी वापरलं गेलं होतं. तो वर गेला. धुण्याच्या मोरीखाली साबणाच्या भुकटीचे रिकामे खोके नीट रचून ठेवलेले होते. त्याने मोजले, चौदा होते. पूर्वी तिला वर्षाला चार लागत. तो तिथेच फरशीवर बसला आणि मोठमोठ्याने रडला.

दुसऱ्या दिवशी तो वृद्धाश्रमात गेला. दारातच परिचारिका कौतुकाने म्हणाली, "बघा कशी उजळल्यात आजी! आल्या तेव्हा काय अवतार होता! आता कसं, वेळच्या वेळी अंघोळ होते."

हुल्डा खुर्चीत बसली होती. केस पिंजलेल्या कापसासारखे पांढरे, मोकळे. व्हर्लिनला त्या केसांकडे बघवेना. त्याने टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. पूल, दांडा, फोन, काही लपवलं नाही.



"म्हणजे मी धूत होते," ती म्हणाली.

"हो."

"अंघोळही करत होते."

"रोज करत होतात."

"दोन-दोनदा धुवायचे रे मी. लाजेने घरातल्याच दोरीवर चादर घालायचे, तर ती मळकीच. तू म्हणालास पाणी चांगलं आहे. मग मला वाटलं, मी धुतलंय असं नुसतं माझ्या मनात येतं, खरं मी धुतच नाही. डोकं गेलं म्हटलं आपलं. मार्डेलने कागद दिला तो वाचलासुद्धा नाही मी. जिला आपण अंघोळ केली की नाही हे कळत नाही, तिने घरात राहून करायचं काय?"

 "मी आजच मार्डेलला फोन करतो," व्हर्लिन म्हणाला.

"घर परत मिळेल?"

"नाही. ते विकलं गेलंय."

"मग नको करूस." तिचा आवाज एकदम शाळेतल्यासारखा करडा झाला. "मला इथे आणताना दोनदा गाडी कडेला घेऊन रडली ती. तिला कळलं तर मरेपर्यंत रडेल. शब्द दे मला."

"तुम्ही माझ्यावर रागावल्या आहात?"

"रागावलेय. फार रागावलेय, व्हर्लिन. तू रोज येऊन बसलास तरी जाणार नाही तो राग. पण मार्डेलला सांगायचं नाही. दे शब्द."

त्याने शब्द दिला. त्यानंतर तो दर आठवड्याला जात राहिला. कधी ती बोले, कधी भिंतीकडे तोंड करून पडून राही. तो तासभर बसून उठायचा.

फेब्रुवारीत ती गेली. दफन आटोपल्यावर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव आणि कॉफी होती. मार्डेल सगळ्यांना भेटत भेटत व्हर्लिनपाशी आली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"तू त्या दिवशी खरं बोललास म्हणून आईचे शेवटचे महिने तरी स्वच्छ गेले. तुझे उपकार कसे फेडू?" मग तिचा चेहरा वाकडा झाला. "पण मला रात्री-अपरात्री वाटत राहतं रे. घरातच राहायचं होतं तिला. मी चुकले का, व्हर्लिन? तूच सांग, तुला सगळं माहीत होतं."

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. ओठांपर्यंत आलेलं त्याने गिळलं.

"नाही," तो म्हणाला. "तू नाही चुकलीस."

तिने त्याचे हात दाबले, डोळे पुसले आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.