चंद्राचं बटण

पनवेलच्या कोर्टाजवळ एका ताईंचं टायपिंगचं दुकान होतं. तिथे मी साफसफाई करायचे. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोजऐवजी लिनक्स होतं, त्यामुळे कीबोर्डवरची वरची जादा बटणं चालत नसत. ताई म्हणायच्या, "ती मेलेलीच आहेत." म्हणून मी त्यांच्यावरून न भिता ओला फडका फिरवायचे. त्यात एकावर चंद्रकोर होती. मी संकष्टी करायचे, म्हणून तिच्यावर हात जरा जास्तच फिरायचा.

एका सकाळी ताई चहा सांगायला बाहेर गेल्या. पडद्यावर उलव्याच्या जमिनीचा कागद अर्धा टाईप झाला होता आणि ज्यांचा कागद, ते आजोबा बाकावर बसले होते. मी फडका फिरवला आणि पडदा काळा झाला. मला वाटलं, पाणी आत गेलं, कागद गेला, आता कामही जाणार.

ताई आल्या. मी फडका पाठीमागे धरला.

"मावशी, काय झालं?"

"ताई, माज्या हातून कॉम्प्युटर मेला," मी म्हटलं. "चंद्रावर जोर पडला."

त्या हसल्या. "मेला नाही, झोपलाय! चंद्राचं बटण त्याला झोपवायचंच असतं. कालच नेटवर शोधून ती बटणं चालू केली. तुम्हाला सांगायचं राहिलं."

त्यांनी एक बटण दाबलं. कागद जसाच्या तसा परत आला.

आजोबा म्हणाले, "आमच्या म्हातारीला पन असला चंद्र बसवून द्या."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. पुढे मी कीबोर्ड कोरड्या फडक्यानेच पुसत राहिले, पण चंद्राला कधी हात लावला नाही. त्याच्यावर धूळ साठत गेली.