माझी जोडीदारीण पद्माक्का

त्या सकाळी मी पद्माक्काला बोलवायला गेले, तर तिच्या दारात चपलांचा ढीग पडलेला. रोजच्या सवयीनं कडी वाजवायला हात वर केला, तेव्हा कुठं लक्षात आलं की दार सताड उघडंच आहे. तिचा मुलगा महावीर पुढं आला. म्हणाला, "बाई, तुमाला कळलं व्हय एवढ्यात? अक्का गेली... पहाटं." मी भेटायला आले आहे असं त्याला वाटलं. मी आले होते तिला ध्यानाला घेऊन जायला, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. आतल्या बायकांनी सरकून मला जागा दिली, कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. तो हात मला झटकून टाकावासा वाटला. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. कालपर्यंत माझ्यापुढं ताठ मानेनं चालणारी ही बाई मला न सांगता अशी निघून कशी गेली, याचा राग.

पुढं आमच्या ध्यानवर्गानं शोकसभा घेतली. एकेक जण उठून सांगायला लागला, की ध्यानानं दोन शेजारणींचं वैर कसं विरघळून गेलं, शिंदेबाई, म्हणजे मी, आणि पद्माक्का शेवटी सख्ख्या बहिणींसारख्या कशा झाल्या होत्या. बराच वेळ मी ऐकून घेतलं. मग उठले आणि म्हणाले, "वैरबीर काही विरघळलं नव्हतं. मला ती आवडत नव्हती आणि तिला मी. मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलू नका." सभा तिथंच आटोपली. लोक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. न बोलू देत. पण अक्काचं खरं कुठंतरी लिहिलं जावं, म्हणून हे लिहिते आहे.

कुंडलमध्ये आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. तिचं किराणा दुकान, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. माझा प्रसाद आणि तिची सुप्रिया कॉलेजला पलूसला एकाच गाडीनं जायचे. दोघांचं जमलं. आम्ही मराठा, ते जैन; गल्लीत कुजबुज सुरू झाली, तरी मी मनाची तयारी केली होती. एका दुपारी अक्का माझ्या दारात आली, उंबऱ्याच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. "बाई, ह्यो विषय बंद करा. आमच्या पोरीला तुमच्यात द्यायची न्हाई," एवढं बोलून वळली. त्याच वर्षी सुप्रियाचं लग्न चिकोडीकडं झालं. प्रसाद पुण्याला गेला तो गेलाच. सणाला फोन करतो, जेवलीस का विचारतो, ठेवून देतो. त्या दुपारनंतर मी तिच्या दुकानातून काडेपेटीसुद्धा आणली नाही.

प्रसाद गेल्यावर माझी झोप उडाली. गोळ्या घेऊनही डोळा लागेना, तेव्हा गावातल्या डॉक्टरीणबाईंनी समाजमंदिरात सकाळचा ध्यानवर्ग काढला होता, तिथं जायला लागले. अक्काही आली. घरी तिची जपमाळ होतीच, पण नवरा गेल्यापासून एकटीचं मन बसत नाही म्हणे. पहिल्या उत्साहात समाजमंदिर भरून जायचं, मग माणसं गळायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तोड काढली: प्रत्येकाला एक जोडीदार. सकाळी ज्याला आधी जाग येईल त्यानं दुसऱ्याच्या दारात जायचं, आणि एकजण आला नाही तर दुसऱ्यानं सगळ्यांसमोर उभं राहून का ते सांगायचं. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला पद्माक्का आली. वर्गात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. डॉक्टरीणबाई मूळच्या बाहेरगावच्या, त्यांना काही माहीत नव्हतं. "बदलून देऊ का?" त्यांनी विचारलं. मी अक्काकडं बघितलं, अक्कानं माझ्याकडं. "कशाला?" ती म्हणाली. मग मीही म्हणाले, "कशाला?"

तेव्हापासून आमचं सुरू झालं. कधी मी तिच्या दारात, कधी ती माझ्या. कडी वाजवायची, बाहेर थांबायचं, आणि समाजमंदिरापर्यंत एक शब्द न बोलता चालायचं. बाकीच्या जोड्या महिन्याभरात ढेपाळल्या. कुणाला पाहुणे, कुणाला सर्दी, कुणाचा जोडीदार इतका मायाळू की "झोपा झोपा" म्हणून परत जायचा. आमचा एक दिवस चुकला नाही. मी आले नाही आणि अक्कानं सगळ्यांसमोर उभं राहून माझं नाव घेतलं, हे सुख मी तिला देणार नव्हते. तिचंही तेच असणार.

एकदा मला तापानं गाठलं. मी उठले नाही म्हणताना ती थेट माझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. "उठा."

"ताप हाय मला."

"बसायचं हाय, पळायचं न्हाई."

"तुमच्यात काय माणुसकी हाय का न्हाई, अक्का?"

"न्हाई," ती म्हणाली आणि खाली फरशीवर मांडी घालून डोळे मिटून बसली. मी भिंतीला टेकून बसले. झाल्यावर ती उठली, कपाळाला हात लावून बघितला नाही की पाणी दिलं नाही, तशीच निघून गेली. वर्गात मात्र तिनं सांगितलं, "बाई बसल्यात. घरी बसल्यात." मला मेलीचा इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी तापातच मी तिच्या दारात हजर झाले.

सुप्रिया माहेरी आली होती, तेव्हाचं एक बोलणं मात्र विसरता येत नाही. दार तिनंच उघडलं. माझी चौथीतली विद्यार्थिनी; वाळून गेली होती. वाटेत मला राहवलं नाही. म्हटलं, "तुमची लेक सुखात दिसत न्हाई, अक्का."

तिनं चाल कमी केली नाही. "तुमचा ल्योक हाय का सुखात?"

"तुमीच केलं सगळं."

"व्हय," ती म्हणाली, "मीच केलं." त्या दिवशी आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि दोघींचा श्वास बैलासारखा चालला होता. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, आज किती छान शांत वाटलं.

अक्का गेल्यावर सुप्रिया आली. परत जायच्या दिवशी सकाळी तिनं माझं दार वाजवलं. "बाई, चला. मला एकदा आई बसायची तिथं बसायचं हाय." मी गेले. परत येताना ती मारुतीच्या देवळाजवळ थांबली. "तुमाला एक सांगायचं हाय... आईनं मोडलं न्हाई ते. मीच नको म्हणले. मला भ्या वाटलं. प्रसादला तोंडावर सांगायचं धाडस न्हवतं, म्हणून आईला म्हणले, तू तुझ्या नावावर सांग."

"आन् ती सांगून आली?"

"हो. मला म्हणली, तुझं नाव कुणाच्या तोंडात यायला नको."

तिला वाटलं असणार, मी आता रडेन, अक्काच्या फोटोपुढं हात जोडेन. मी तसलं काही केलं नाही. उलट अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं ही बाई रोज माझ्या दारात येत होती, माझं तुसडं तोंड बघत होती, आणि एका शब्दानं सांगितलं नाही! मी तुमीच केलं म्हणाले, तर "व्हय" म्हणून मोकळी झाली. माझा राग तिनं स्वतःच्या घरात नेऊन ठेवला आणि मला विचारलंही नाही. हा कसला मोठेपणा? मी काय लहान पोर होते, की मला खरं सोसलं नसतं? सुप्रियाला मी एवढंच म्हणाले, "जा आता, गाडी चुकंल."

डॉक्टरीणबाईंनी मला नवी जोडीदारीण दिली. कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून, गोड मुलगी आहे. पहिल्याच आठवड्यात "बाई, आज नको ना" म्हणाली, आणि मी "बरं" म्हणून परत फिरले. तिच्यावर मला चिडता येत नाही. आता ती येत नाही. मीही समाजमंदिरात गेले नाही, पुष्कळ दिवस.

हल्ली घरीच बसते, खाटेशेजारच्या फरशीवर. डोळे मिटले की श्वासावर लक्ष ठेवायचं असतं, तसं शिकवलं आहे. मी ठेवत नाही. मी अक्काला विचारते, का सांगितलं नाहीस? आयुष्यभर तिला तुमी म्हटलं, आता एकेरीवर आले आहे. मी पुन्हा विचारते. बाहेर महावीर दुकानाचं शटर वर करतो, तोवर मी बसलेली असते. उत्तर न देता तिनं उठून जावं आणि मी तिला जाऊ द्यावं, असं होणार नाही. उद्या पुन्हा बसणार आहे.