बंद टाकीत उमटलेली लोखंडाची रेघ

भूत, देवी, अंगात येणं... असल्या गोष्टी ऐकून मी कायम हसत आलेय, आणि आजही हसते. हे आधीच सांगून ठेवते.

राहायला संत तुकाराम नगर, नोकरी चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. जन्मभर गाड्यांचे ब्रॅकेट बनवणाऱ्या आमच्या मालकांना एका संशोधन संस्थेची ऑर्डर मिळाली — सूर्याच्या प्रभामंडळाचा, म्हणजे बाहेरच्या वातावरणाचा, अतिनील प्रकाश रेघारेघांत फोडून दाखवणारं यंत्र. रेघ कुठे पडते त्यावरून सूर्यावर काय आहे, किती तापलंय ते कळतं. हा प्रकाश हवेतून जातच नाही, म्हणून टेस्टिंग स्टीलच्या बंद टाकीत, हवा काढून. आत एक खास दिवा लावायचा आणि त्याच्या रेघा यंत्राच्या कॅमेऱ्यात नीट पडतात का ते बघायचं. ते काम माझं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशीन बंद ठेवून पूजतात. जुने फिटर भिसेमामा सकाळीच म्हणाले, "पोरी, तुजा टेस्टिंगचा दिवाबी बंद कर. आज त्यालाबी इसावा हाय." केला बंद, वायरसुद्धा काढली. फक्त कॅमेरा बॅटरीवर ठेवला, कारण तो सतत गार ठेवावा लागतो. आरती चालू असताना सहज स्क्रीनकडे पाहिलं...

रेघ. बारीक, ठसठशीत. आणि कसली, तर दहा लाख अंशांच्या वर तापलेल्या लोखंडाची. ती प्रभामंडळात दिसते. आमच्या दिव्यातून सात जन्मांत निघणार नाही. पुन्हा फ्रेम घेतली, पुन्हा तिथेच. दुपारपर्यंत होती, मग गेली ती गेलीच.

मामांनी हात जोडले. मी म्हटलं, "मामा, देवीला लोखंडच सापडलं का?"

"थट्टा न्हाई करायची," एवढंच बोलले.

मालक मात्र घाबरले. "ताई, त्या फ्रेम उडवा. यंत्रात दोष आहे म्हणतील, ऑर्डर जाईल. मग आहेतच आपले ब्रॅकेट."

माणूस वाईट नाही. पण नाही उडवल्या — रिपोर्टसोबत जशाच्या तशा पाठवल्या.

संस्थेने सगळं खोलून तपासलं. बाहेरचा प्रकाश शिरत नाही, कॅमेरा ठणठणीत. दोष सापडला नाही, तरी ऑर्डर दुसरीकडे गेली. मालक आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं.

इथे खाली कमेंटमध्ये काही जण लिहितील चमत्कार, काही लिहितील बाईची चूक. दोघांनीही खुशाल चाकणला या, टाकी दाखवते. ती रेघ कुठून आली, मला आजही माहीत नाही. पण ती दिसलीच नाही, असं लिहून त्याखाली माझी सही कुणाला मिळणार नाही.