उष्माघातचे ड्रम

"कोनी मारून राहिलं का त्याले?"

"नाई मा, गाऊन राहिला तो."

"हे गानं होय? मंग रडनं कसं असन बावा!"

जयवंताबाईचे हात पिठात अन् डोळे पोराच्या मोबाइलवर. पोरगा ऋषिकेश, वय एकोणतीस, पांढुर्ण्यातल्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला फिटर. दुपारच्या सुट्टीत तो 'उष्माघात'चा नवा अल्बम तिसऱ्यांदा ऐकत होता. नागपुरात आयटीआय करताना चौघांनी हा बँड काढला, तेव्हा ड्रम त्याचे होते. मग बाप गेला. बापाची जागा त्याला मिळाली, अन् जागेसोबत जिनिंगमागची ही दोन खोल्यांची क्वार्टर. नोकरी सुटली की क्वार्टरही सुटली.

गायक उत्तमनं सकाळीच गाणी धाडली होती. शुक्रवारी अल्बम निघणार होता. "खरं सांगजो बे. लाजू नको, शिव्या दे."

मेटलकोर म्हणजे जड गिटार, किंचाळणं, मधेच गोड गळ्याचं कडवं, अन् मग अंगावर भिंत पडावी तसा भारी ठेका. उत्तमचं किंचाळणं आता पिकलं होतं. पहिले नुसता घसा फाटायचा, आता शब्द न् शब्द कळत होता. चौथ्या गाण्यात भिंत पडायच्या आधी श्वासभर शांतता सोडली होती, तिथं ऋषिकेशचा घास हातातच राहिला. गोड कडव्यांत मात्र साखर लय. शेवटची दोन गाणी एकाच साच्यातली. अन् ड्रम माणसानं वाजवलेच नव्हते, कॉम्प्युटरवर बसवले होते. सगळे ठोके सारखे. दमलेला हात नाही, चिडलेला पाय नाही.

हे लिहिलं तर उत्तम 'मंग तूच ये बजावाले' म्हणणार. नाही लिहिलं तर अल्बम मेलेलाच निघणार. त्यानं सगळं लिहिलं.

दोन मिनिटांत फोन. "अबे, ड्रमचं आमाले मालूम होतं ना! तूच ये. आठ दिवस. तारीख पुढं ढकलतो."

ऋषिकेश तसाच उठून मालकाकडे गेला. सुरेशशेठ चहा पीत होते.

"आठ दिवस? कापसाच्या गाड्या रोडपर्यंत उभ्या हायेत, अन् तू ढोल बजावाले चालला?"

"सौंसरचा फिटर बोलवा ना शेठ तवरक."

"तो पाना चालवते. मशिनीचा आवाज कुठं ऐकते तो?" शेठ हसले. "जाय ना, मी कुठं धरून ठेवलं. फक्त क्वार्टरची चाबी जाताना इथं देऊन जाजो."

बाहेर येऊन त्यानं उत्तमला लिहिलं, 'मी नाई येत. मोहगावच्या विनोदले बोलवा. लग्नाच्या बँडात बजावते, पन हात जित्ता हाय. चौथ्या गान्यातल्या शांततेत त्याले काई बजावू देऊ नोका.'

'अन् तू?' उत्तमनं विचारलं.

त्यानं मोबाइल खिशात टाकला. शेडमध्ये मशिनी सुरू झाल्या होत्या, अन् कोपऱ्यातल्या एकीचा आवाज बिघडला होता. ऋषिकेशनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली अन् डोळे मिटले.

"बंद कर रे ईले," तो ओरडला, अन् पाना घेऊन खाली बसला.